अंतिम यादीतल्या कवींचं ऑनलाइन काव्यवाचन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबारचे आम्ही पाच-सात वाचक मिळून गेली तीन वर्षं हा उद्योग करतोय. एका काव्यपुरस्काराच्या अंतिम यादीत आलेल्या कवींना निकालाच्या आदल्या आठवड्यात ऑनलाइन बोलावायचं. ते त्यांच्या घरून वाचणार, आपण आपल्या घरून ऐकणार. दरवर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर तेच प्रश्न येतात आणि दरवर्षी रात्री अकराला आमच्यातलं कोणीतरी तीच उत्तरं टाईप करत बसतं. यंदा एकदाच लिहून ठेवली. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या प्रश्नांनी आम्हाला खरोखर छळलंय.

अंतिम यादी म्हणजे काय? यादीतल्या सगळ्यांनाच पुरस्कार मिळतो का?

नाही, पुरस्कार एकालाच. परीक्षक आलेल्या पुस्तकांतून आधी पाच-सहा संग्रह बाजूला काढतात. ती नावं जाहीर होतात आणि काही आठवड्यांनी त्यातलं एक नाव पुकारलं जातं. कोणी याला शॉर्टलिस्ट म्हणतं, कोणी लघुयादी. आम्हाला ‘अंतिम यादी’ बरं वाटतं. लघुयादी म्हटलं की किराण्याची चिठ्ठी डोळ्यांपुढे येते.

मराठीत बहुतेक पुरस्कार थेट जाहीर होतात. सकाळी पेपर उघडला की विजेत्याचा फोटो, शाल, श्रीफळ. त्याच्याबरोबर आणखी कोणती चार पुस्तकं परीक्षकांच्या टेबलावर होती, हे कळतच नाही. बऱ्याचदा त्या चारातलंच एखादं आपल्याला जास्त आवडलं असतं.

मग हे वाचन म्हणजे शेवटची फेरी का? जो भारी वाचेल त्याला मार्क?

अजिबात नाही. परीक्षक पुस्तक वाचून ठरवतात. वाचनाला आलेच तर श्रोते म्हणून येतात, कॅमेरा बंद ठेवून.

हा गैरसमज आम्हीच पसरवला, हे कबूल करतो. पहिल्या वर्षी पत्रिकेवर ‘अंतिम फेरी’ असं छापून मोकळे झालो होतो. एका कवीने आवाज बसेपर्यंत सराव केला. दुसऱ्याने गावातल्या दीडशे जणांना लिंक पाठवली, आणि त्यातले काही जण चॅटमध्ये दहापैकी गुण देत बसले. लाइक, व्ह्यूज, कमेंट यांचा निकालाशी काडीचाही संबंध नाही. गाव गोळा करायचंच असेल तर कविता ऐकायला करा.

त्यापेक्षा निकाल लागल्यावर विजेत्यालाच बोलवा की!

निकाल लागला की बाकीच्यांना कोण विचारतं, सांगा. निकालाआधीचे ते आठ दिवस असे असतात की सहाही कवींकडे लोक सारख्याच कुतूहलाने बघतात. आम्हाला तेच आठ दिवस हवेत.

भाऊ, मैफल समोरासमोरच रंगते. ऑनलाइन कशाला?

आम्हालाही समोरासमोरच आवडतं, खोटं कशाला बोला. आणि ज्या मातीत आपण बसलोय तिथे हे सांगायची गरजही नाही. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं होतं. धरणगावला जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराने तिथे कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं. ते नाव आजतागायत चिकटलं आहे. पुढे १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली ते गेले, वय पुरतं अठ्ठावीसही नव्हतं. तेव्हा कविता म्हणून दाखवण्याने काय होतं हे खान्देशाला नव्याने शिकवायला नको.

पण हिशोब बघा. यादीतल्या एका कवीचं घर नंदुरबारच्या सातपुड्यात, मोलगीकडे. तिथून जळगावला यायचं तर अख्खा दिवस एसटीत जातो, परतीचा दुसरा. दुसऱ्या एक ताई शाळेत शिकवतात, घरी दोन वर्षांचं लेकरू. तिसऱ्याची नेमकी कापूस वेचणी चालू. मजूर मिळाले त्या दिवशी शेत सोडून संमेलनाला कोण येईल? प्रत्यक्ष कार्यक्रम ठेवला की जळगाव-धुळ्याच्या हमरस्त्यावरचेच कवी येतात, हे आम्ही दोनदा करून पाहिलं आहे.

दुसरंही एक कारण आहे. मोठ्या संमेलनातल्या कवीकट्ट्यावर एकेकाला एक कविता मिळते. सूत्रसंचालक शेर म्हणणार, मागे चहाचे कप वाजणार, कवी उठेपर्यंत पुढच्याचं नाव. इथे प्रत्येकाला बारा मिनिटं आहेत. बारा मिनिटांत पाच-सहा कविता होतात आणि तिसऱ्या कवितेपासून त्या माणसाचा आवाज ओळखीचा वाटायला लागतो.

वेळ रात्री साडेआठची का?

दूध डेअरीवर घालून, भाकरी खाऊन माणूस मोकळा होतो तेव्हा साडेआठच वाजतात. सातला ठेवून बघितलं. निम्मे लोक रस्त्यावर, उरलेले मालिकेत.

जोडायचं कसं? पैसे लागतात का? डेटा किती जाईल?

पैसे नाहीत. नाव नोंदवलं की त्या दिवशी दुपारी लिंक येते. ज्यांना नुसतं ऐकायचंय त्यांनी यूट्यूबवर या. ज्यांना शेवटी कवीशी बोलायचंय त्यांनी झूमवर. झूमच्या फुकटच्या खात्यावर शंभरच माणसं बसतात आणि चाळीस मिनिटांत मीटिंग बंद पडते. पहिल्या वर्षी ऐन चौथ्या कवीच्या तोंडावर दार बंद झालं होतं. आता वर्गणी काढून महिन्याचं खातं घेतो.

डेटा कमी असेल तर यूट्यूबवर चित्राची क्वालिटी १४४पी करून टाका. कवीचा चेहरा चौकोनी दिसेल, आवाज मात्र नीट येतो. आणि फोन उलटा ठेवून द्या. कविता ऐकताना स्क्रीनकडे बघायचं काही कारण नाही. आमच्यातले एक नाना ओट्यावर खाट टाकतात, उशाशी फोन ठेवतात आणि डोळे मिटून ऐकतात. झोपले असं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी ओळी तेच सांगतात.

लाईट गेली किंवा रेंज गेली तर?

श्रोत्याची गेली तर काळजी नाही, यूट्यूबवर मागे जाऊन ऐकता येतं. कवीची गेली तर आम्ही पुढच्या कवीला घेतो आणि गेलेल्याला शेवटी पूर्ण बारा मिनिटं देतो. धडगावकडच्या एका कवीने तर घरामागच्या टेकडीवर चढून वाचलं होतं. कपाळाला हेडलाइट, हातात वही, आणि दर दोन कवितांनी विचारायचे, “आयकू ई राह्यनं का भो?” वारा इतका होता की अर्धे शब्द उडून गेले. त्यानंतर आम्ही असं करतो की ज्याच्या गावात रेंजचा भरवसा नाही त्याच्याकडून आधीच फोनवर रेकॉर्ड केलेलं वाचन मागवून ठेवतो. लाइव्ह जमलं तर उत्तम, नाहीतर ते लावतो, आणि लावताना तसं सांगतोही. रेकॉर्डिंगला लाइव्ह म्हणून खपवत नाही.

मला अहिराणी येत नाही. पावरी तर अजिबातच नाही. तरी यावं का?

यावं. उलट तुमच्यासाठीच तर आहे.

खान्देश म्हणजे अहिराणी, असं बाहेरच्यांना वाटतं. ते अर्धंच खरं. धुळे-नंदुरबारकडे आणि जळगावच्या पश्चिम अंगाला अहिराणी, यावल-रावेर-भुसावळकडे तावडी आणि लेवा गणबोली, शहादा-तळोद्याकडे गुजरी, सातपुड्यात भिली आणि पावरी. दहा कोसांवर पाणी बदलतं तसं इथे ‘ळ’ बदलतो. डोळा ‘डोया’ होतो, आभाळ ‘आभाय’, केळी ‘केयी’. छापलेल्या पानावर ‘डोया’ वाचला की शहरातला वाचक क्षणभर अडखळतो, चूक आहे का असं बघतो. तोच शब्द कवीच्या तोंडून आला की अडखळायला वेळच मिळत नाही, अर्थ आधी पोचलेला असतो.

कधी नाही पोचत, तेही सांगतो. गेल्या वर्षी एका अहिराणी कवितेची सुरुवातच ‘मना’ या शब्दाने होती, आणि कवी तिथे श्वास घ्यायला थांबायचे. पुण्याहून ऐकणाऱ्या एका बाईंनी चॅटमध्ये लिहिलं, “मनाला घातलेली ही साद फार भिडली.” कवीने वाचलं, हसले आणि म्हणाले, “ताई, आमच्यात मना म्हणजे माझा. थांबा, पुढं बाप येतोय.” तीच ओळ त्यांनी पुन्हा म्हटली, या वेळी न थांबता, ‘मना बाप’ असं जोडून. त्या संध्याकाळचा सगळ्यात चांगला क्षण तोच होता. नंतर त्या बाईंनी पुस्तक मागवलं.

मग कवितेचा मजकूर स्क्रीनवर का दाखवत नाही? सोपं नाही का पडणार?

यावरून आमच्यात भांडणं झाली आहेत. मजकूर दाखवला की लोक पुढची ओळ आधी वाचून टाकतात आणि कवी मागे राहतो. कवितेतली थांबण्याची जागा, जिथे सगळं अडकलेलं असतं, ती डोळ्यांनी ओलांडली जाते. म्हणून मराठी, अहिराणी, लेवा यांना मजकूर नाही. पावरी आणि भिलीसाठी मराठी अनुवाद दाखवतो, पण मूळ कविता पूर्ण म्हणून झाल्यावर. आधी आवाज, मग अर्थ. हा क्रम चुकीचा वाटणारे आमच्यातही दोघं आहेत आणि ते दरवर्षी ठराव मांडतात.

ज्यांना कमी ऐकू येतं त्यांनी नोंदणी करताना कळवा. त्यांना सगळा मजकूर आधी पाठवतो, हे वेगळं.

दाद कशी द्यायची? टाळ्या नाहीत, वाहवा नाही, मेल्यासारखं वाटतं.

खरंय. ऑनलाइनमध्ये सगळ्यात जास्त हेच बोचतं. कवी कविता संपवतो आणि समोर वीस काळे चौकोन. एका कवीने तर “संपली” असं सांगितलं, त्याला वाटलं आपलाच आवाज बंद आहे.

काही प्रयोगांनंतर हे ठरलंय: झूमवरचे आठ-दहा जण माइक उघडा ठेवायच्या यादीत असतात. त्यांच्या घरी शांतता असते आणि ते मनापासून ऐकतात, एवढीच पात्रता. कडवं संपलं की त्यांच्याकडून ‘अहाहा’ किंवा ‘पुन्हा घ्या’ येतं, कवीच्या जिवात जीव येतो. सगळ्यांचे माइक उघडले तर काय होतं तेही बघितलंय: तीन कुकरच्या शिट्ट्या, एक रडणारं पोर, आणि कोणीतरी सासऱ्यांशी जमिनीच्या वाटणीबद्दल बोलतंय.

यूट्यूबवरच्यांनी चॅटमध्ये लिहावं. तिथलं प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं, त्यामुळे तुमची वाहवा पुढच्या कवितेच्या मधेच येते. कोणत्या ओळीला आहे तेही लिहा. नुसते हात जोडलेले इमोजी पाठवू नका. शोकसभेत आल्यासारखं वाटतं.

मी यादीतला कवी आहे. काय तयारी करू?

सगळ्यात आधी घड्याळ लावून मोठ्याने वाचा. मनातल्या मनात चार मिनिटांची कविता मोठ्याने सहा मिनिटांची होते. बारा मिनिटं म्हणजे बारा. तेरावं मिनिट पुढच्या कवीच्या खिशातून जातं.

प्रास्ताविक आवरा. ‘ही कविता मला कशी सुचली’ हे सांगायला पाच मिनिटं आणि कविता दीड मिनिटाची, असं दर वर्षी एकाचं तरी होतं. दोन वाक्यं पुरतात. एखादा शब्द गावापुरताच असेल, शेतीतला, देवकार्यातला, तर तेवढा आधी सांगून टाका.

आवाजाचं बघा. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, पुस्तकांच्या चळतीला टेकवून, तोंडाच्या उंचीला. फोन हातात धरून वाचू नका, पान उलटताना तो हलतोच. वायरचा इअरफोन असेल तर त्याचा माइक सदऱ्याच्या गुंडीला किंवा पदराला घासतो. ऐकणाऱ्याला वाळू चावल्यासारखं होतं. पंखा बंद. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून टेबलावर गोधडी अंथरा, जमल्यास समोरच्या भिंतीवरही एक टांगा. दिसायचं नाही ते, काळजी करू नका. वही असेल तर पानं सुटी करून घ्या आणि वाचलेलं पान अलगद बाजूला सरकवा.

घरच्यांना वेळ सांगून ठेवा. रावेरकडच्या एका कवीने केळीच्या कापणीवरची कविता वाचली. घड कापल्यावर झाड हलकं होतं, तिथे एक लांब विराम होता, आणि नेमका त्याच विरामात आतून कुकर वाजला. सगळे हसले, कवीही हसला, कविता पुन्हा वाचली. छान झालं, पण दुसऱ्यांदा तो विराम काही तसा आला नाही.

तुम्ही ओवी किंवा चाल लावून म्हणणार असाल तर आम्हाला आधी सांगा. झूम पार्श्वभूमीचा गोंगाट गाळतं. त्याला लांबवलेला स्वर आणि पंख्याचा आवाज यातला फरक नेहमी कळत नाही. एका ताईंची जात्यावरची ओवी होती, शेवटचा स्वर त्या लांबवत न्यायच्या, आणि प्रत्येक वेळी तो मधेच कापला जायचा. त्यांना पत्ताच नाही, त्या तल्लीन. ऐकणाऱ्यांना वाटलं रेंज जातेय. सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ सुरू केलं की हे होत नाही. आता आदल्या दिवशी प्रत्येक कवीबरोबर दहा मिनिटांची तालीम ठेवतो, ती टाळू नका.

माझी आई निरक्षर आहे. तिला ऐकवलं तर समजेल का?

हा प्रश्न जळगावात बसून विचारताय म्हणून गंमत वाटली. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. असोदं माहेर, जळगाव सासर. शेतात आणि जात्यावर ओव्या सुचत गेल्या, आणि त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, व घरच्यांनी टिपून ठेवल्या म्हणून त्या उरल्या. १९५१ साली त्या गेल्या, गाणी छापून आली ती १९५२ साली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. म्हणजे त्यांची कविता आधी ऐकलेली होती, वाचलेली नंतर.

आईला बसवा. फक्त फोन मोठ्या आवाजात ठेवा आणि तिने मधे काही म्हटलं तर गप्प करू नका. गेल्या वर्षी अशाच एका आईने वाटेतच पुढची ओळ स्वतःच जोडून म्हटली होती. तिच्या मुलाने ती आम्हाला लिहून पाठवली.

शेवटी आम्हाला पण एखादी कविता म्हणू देता का?

नाही. या कार्यक्रमात सहाच कवी. ‘फक्त चार ओळी’ म्हणणाऱ्यांना तर अजिबातच नाही.

रेकॉर्डिंग नंतर बघायला मिळेल का? मी ते माझ्या चॅनेलवर टाकू शकतो का?

कवीने होकार दिला तरच रेकॉर्डिंग राहतं, तेही महिनाभर. तुमच्या चॅनेलवर टाकू नका. कविता कवीच्या मालकीची असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे त्याच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं. शिवाय वाचन करणाऱ्याचा त्या सादरीकरणावर वेगळा हक्क असतो. म्हणजे कोणा नामवंताने बालकवींची कविता वाचली तर कविता आता सगळ्यांची आहे, त्याचं वाचन मात्र नाही. लिंक हवी तितक्यांना पाठवा, त्याला कोणाची ना नाही.

कवींसाठीही एक सूचना: प्रकाशकाशी झालेला करार एकदा काढून वाचा. ध्वनिमुद्रणाचे हक्क कोणाकडे आहेत हे बऱ्याच जणांनी बघितलेलंच नसतं.

कवींना मानधन देता का?

देतो. थोडं असतं, पण सगळ्यांना सारखं आणि वाचनाच्या आधी. ‘घरबसल्याच तर वाचायचंय’ असं आम्हाला एका देणगीदाराने सुनावलं होतं. त्यांची देणगी घेतली नाही.

परदेशातली अशी वाचनं ऐकता येतात का?

येतात, आणि जरूर ऐका. लंडनच्या टी. एस. एलियट प्राइझच्या यादीत दहा संग्रह असतात. १९९३ पासून हा पुरस्कार आहे. निकालाच्या आदल्या संध्याकाळी दहाही कवी रॉयल फेस्टिव्हल हॉलच्या मोठ्या सभागृहात वाचतात, आणि लोक तिकीट काढून कविता ऐकायला जातात. आपल्याकडे कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल. अलीकडे ते ऑनलाइनही दिसतं. कोविडमुळे जानेवारी २०२१ ला मात्र सभागृह बंदच होतं. त्या वेळी पुरस्कार भारतीय वंशाच्या भानू कपिल यांना मिळाला.

वेळेचं गणित करून ठेवा. हिवाळ्यात लंडनला संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीचे साडेबारा. टोरांटोच्या ग्रिफिन काव्यपुरस्काराचा कार्यक्रम जूनच्या आसपास असतो. तिथले सात म्हणजे आपल्याकडची पहाटेची साडेचार. पाण्याची पाळी असेल तर मोटार सुरू करून बांधावर बसून ऐकता येईल. आमच्यातल्या एकाने ऐकलंय.

एक मुद्दाम सांगतो. एलियट पुरस्काराच्या वाचनाचं सूत्रसंचालन बरीच वर्षं इयान मॅकमिलन हे कवी करत आलेत. ते बार्न्स्लीचे, आणि लंडनच्या त्या झगमगाटातही आपल्या यॉर्कशरच्या वळणातच बोलतात. आमच्याकडचे सूत्रसंचालक मात्र माइक हातात आला की पुस्तकी बोलायला लागतात, घरी अहिराणी बोलणारेसुद्धा. यंदा त्यांना तंबी दिली आहे.

आमच्या वाचनालयात पंचवीस-तीस जण मिळून ऐकायचंय. काय लागेल?

एक लॅपटॉप, बरा स्पीकर आणि दार लावून घेणारा एक माणूस. प्रोजेक्टर नसला तरी चालतं. थंडीत ठेवलंत तर आधी भरीत आणि कळण्याच्या भाकरीचा बेत करा. पण जेवण आधी, कविता नंतर. उलट क्रमाने केलं तर पाचव्या कवीपासून सगळ्यांचं नाक चुलीकडे लागतं. यादीतली सहाही पुस्तकं एका टेबलावर मांडून ठेवा. गेल्या वर्षी अमळनेरकडच्या एका वाचनालयाने तसं केलं आणि रात्रीच त्यांच्या रजिस्टरवर पाच पुस्तकांची नोंद झाली. सहावं ग्रंथपालांनी स्वतःच घरी नेलं होतं.

उशीर झाला तर आत घेता का?

दोन कवींच्या मधे घेतो. कविता चालू असताना प्रतीक्षाकक्षात थांबावं लागेल. तिथून फोन करू नका, फोन बंद असतो.